शेवट गोल काढा, कौसाबाई

मुन्शीजी,

तुमच्या दहाव्याला मी आले होते. नदीवर नाही आले, तिथं जायला नातं लागतं. तुमच्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे कासाराचं दुकान आहे ना, त्याच्या पायरीवर बसून राहिले. कासार बिचारा सवयीने म्हणाला, "या बाई, कोणत्या भरू?" मग त्याने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि बांगड्यांच्या माळा उगीच इकडच्या तिकडे करायला लागला. मला हसू आलं. माणूस गेला की त्याची बायको बांगड्या फोडते, पण फोडायला आधी त्या हातात असाव्या लागतात. माझ्या कधीच फुटल्या, आणि त्याही दुसऱ्याच्या नावाने.

तुमच्या ओसरीवर कोणीतरी पाहुणी तुमच्या आक्कांना विचारत होती, "ती कोण बसलीय तिथं?"

आक्का म्हणाल्या, "अर्ज लिव्हून घ्यायला यायची त्याच्याकडं."

खोटं नाही बोलल्या त्या. पण सात वर्षांचं एवढंच उरावं? मी तुमच्यावर इतकी चिडलेय मुन्शीजी, की धड रडताही येत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्ही जिवंत होता तेव्हा दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. आता गप्प बसायचं काही कारण उरलेलं नाही.

मी पहिल्यांदा तुमच्यासमोर आले ती तावातावानेच. तहसील कचेरीपुढच्या लिंबाखाली तुमचं जाजम, पुढ्यात उतरती पेटी, दौत आणि कानावर बोरू. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि आम्हा घनसावंगीकडच्या खेड्यातल्या लोकांना कागद सुलटा धरलाय की उलटा हेही कळायचं नाही. माझा नवरा मारुती विहिरीतला गाळ काढताना दरड कोसळून गेला होता. त्याच्या मागे चार महिन्यांत माझी चंद्री तापाने गेली. दीर म्हणत होता, लेकरू बी राह्यलं न्हाई, आता जमीन माझ्या नावावर कर. मी तुम्हाला म्हणाले, "असं लिव्हा की त्याची जीभच झडली पाहिजे."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जीभ झडायचा अर्ज तहसीलदारसाहेब घेत न्हाईत, बाई. त्याला देवळात जावं लागतं."

मी हसले नाही. पण परत जाताना बैलगाडीत मला एकदम हसू फुटलं आणि शेजारची बाई घाबरून सरकून बसली. वर्षभरात मी हसले नव्हते. तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

त्याच दिवशी आणखी एक झालं होतं. तुम्ही कानावरचा बोरू काढायला हात वर केलात आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मारुती असाच हात उचलायचा. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो मेल्यावर कोणी बोलायला तयार नव्हतं. मेलेला माणूस एका रात्रीत गुणी होतो आणि बायकोने त्याच्यासाठी ऊर बडवायचा असतो. मला नाही रडू आलं त्याच्यासाठी. गावाने त्याचाही मला बोल लावला. तुम्ही मात्र काही विचारलं नाहीत. पुढच्या बाजाराला आले तर बोरू जाजमावर ठेवलेला. त्यानंतर तो तुमच्या कानावर कधी गेला नाही. बाकीचे मुन्शी तुम्हाला हसायचे, बोरू कानावर नसलेला मुन्शी म्हणजे हत्याराशिवाय न्हावी म्हणायचे. यासाठी मी तुमचे आभार मानले नाहीत. कसे मानायचे असतात ते मला माहीत नव्हतं.

तुमचं दुःख तुम्ही वर्षभराने सांगितलंत, तेही पेटी आवरताना, पाठमोरे. तुम्ही आधी एका वकिलाकडे नकला करायला होता. घरी रखमाला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. वकील म्हणाला, एवढी नक्कल पुरी कर आणि जा. तुम्ही पुरी केलीत. घरी पोचलात तेव्हा रखमाही नव्हती आणि बाळही नव्हतं.

"त्या दिवशी माझं अक्षर लई सुंदर आल्तं, कौसाबाई," तुम्ही म्हणालात. "एक बी खाडाखोड न्हाई."

मी म्हणाले, "भाकरी खाल्ली का?" तुम्ही नाही म्हणालात. माझ्या फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा तुम्हाला दिला. तुम्हाला ठेचा सोसेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तुम्ही ते पुसलंही नाहीत. ठेच्याचं निमित्त बरं मिळालं तुम्हाला.

रखमाची खोली तुम्ही सहा वर्षं बंद ठेवली होती आणि स्वतः ओसरीवर झोपायचा, थंडीतसुद्धा. मी किल्ली मागितली तर म्हणालात, "त्यात काय न्हाई."

"मंग उघडायला तुमचं काय जातंय?"

अख्खा दिवस लागला मला. जळमटं काढली, जमीन उकरून पुन्हा चोपली, शेणाने सारवली. तुम्ही उंबऱ्यावर उभे राहून मला झाडू कसा धरायचा ते सांगत होता, जन्मात कधी धरला नव्हता तरी. पुढच्या खेपेला तुमचं अंथरूण आत गेलेलं दिसलं. आपण दोघं त्यावर काही बोललो नाही. तुमच्या आक्का मात्र पुष्कळ बोलल्या.

आणि तुम्ही मला चंद्री परत दिलीत. हे मी कोणाला सांगितलं तर हसतील. ती गेल्यापासून घरात, गावात तिचं नाव कोणी घेत नव्हतं, मला त्रास होईल म्हणून. नाव न घेतल्याने त्रास होत नाही असं लोकांना कसं वाटतं कोण जाणे. तुम्ही मला मराठी अक्षरं शिकवत होता. पाटीवर ग म भ न चाललं होतं. मध्येच तुम्ही विचारलंत, "लेकीचं नाव काय व्हतं?" मी म्हणाले, "चंद्री. चंद्रभागा." तुम्ही ते पाटीवर लिहिलंत, मोठं, ठसठशीत. मला ते पुसवेना. पाटी पदराखाली घेऊन मी गाडीत बसले. घरी पोचले तर गाडीच्या धक्क्यांनी सगळं नाव पदराला लागून गेलं होतं, पाटी कोरी. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यासाठी मोठ्याने रडले. मग पाटीवर माझ्या हाताने लिहून काढलं. च काही केल्या नीट येत नव्हता.

उर्दू तुम्ही मला शिकवली नाहीत. फक्त दोन शब्द शिकवलेत, कारण कचेरीच्या कागदात बाईच्या नावापुढे त्यातला एक येतोच. तुम्ही म्हणालात, "बाकी काय बी लिव्हलेलं असू द्या, आपला शब्द आपल्याला वळखू आला पाहिजे. मंग कोणी फसवत न्हाई. हे बघा, दोन्ही शब्द सारखेच. शेवटचं अक्षर तेवढं बघायचं. गोल मिटलं की बेवा, म्हंजी विधवा. शेपूट ओढलं की बीवी, म्हंजी बायको."

मी पाटीवर काढलं. माझं गोल मिटेना, शेपटासारखं खाली घसरलं. तुम्ही हसलात. "शेवट गोल काढा, कौसाबाई. न्हाईतर बसल्या जागी लगीन लागायचं."

बोलून गेलात आणि मग तुम्हीच लाल झालात. त्यानंतर तुम्ही मला नुसतं कौसा म्हणायला लागलात. मी तुम्हाला मुन्शीजीच म्हणत राहिले. दुसरं काही म्हणायचा हक्क मिळेल तेव्हा म्हणू, असा माझा विचार होता.

आपल्यात विधवेचा पाट लागतो, पुन्हा संसार मांडता येतो. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आपलं भांडण त्यावर नव्हतंच. भांडण होतं ते बांधावर. पाट लागला की पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा बाईचा हक्क जातो, ती दिराकडे जाते. आणि त्या जमिनीच्या बांधाला, बाभळीखाली, चंद्रीला पुरलेलं आहे. दिराने चारचौघांत सांगितलं होतं, जमीन हातात आली की बांध फोडून दोन्ही तुकडे एक करणार. मला जमीन नको होती. मला तेवढा बांध हवा होता. तुम्ही स्वतः येऊन तिथं बोराटीचं कुंपण घालून गेला होता, जनावरं चढू नयेत म्हणून. तुमच्या बोटातले काटे मी काढले होते. म्हणून तर तुमचं पुढचं बोलणं मला इतकं लागलं.

तुम्ही देवघरातून रखमाचा टाक आणलात. मेलेल्या बायकोचा चांदीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा असतो, तुम्ही विचारलंत, चालेल का? मी म्हणाले, "घालीन. तिचं घर हाय, ती बी राहील." तुम्हाला फार बरं वाटलं. आणि त्याच बैठकीत तुम्ही म्हणालात, "मंग आता जमिनीचा हट्ट सोड. चंद्री त्या मातीत न्हाई, कौसा."

"मंग रखमा ह्या चांदीत हाय का?"

तुम्ही टाक उचलून देवघरात नेऊन ठेवलात. हे भांडण आपण तीन वर्षं भांडलो. कधी तुम्ही चिडायचा, कधी मी. कधी दोघंही त्यावर हसायचो. मी म्हणायचे, जरा थांबा, दीर म्हातारा होईल. तुम्ही म्हणायचा, "तो होईल तवर आपण काय पोरं राहणार हाय का?" एवढं ते भांडण घरचं झालं होतं. मला वाटायचं, अजून पुष्कळ वेळ आहे भांडायला.

मग दिराने अर्ज केला, की माझी भावजय मुन्शीची बायको होऊन राहतेय, तिचा हक्क संपला. कचेरीतून माझ्या बयानाची, म्हणजे लेखी जबानीची, तारीख आली. बयान तुम्हीच लिहिलंत. कितीतरी वेळ लावलात. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणालात, "कर दस्तखत."

बाकीचं मला वाचता येत नव्हतं. मी माझा शब्द शोधला, तुम्ही शिकवलं होतं तसा. शेवटच्या ओळीत सापडला. मी बेवा आहे, असं तिथं हवं होतं. शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट होतं. मी बीवी आहे.

मी म्हणाले, "मुन्शीजी, हे चुकलंय."

तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेलात. बघितलंत. तुमचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. मग तुम्ही कागद खाली ठेवलात आणि म्हणालात, "चूक न्हाई. बराबर हाय."

"शेपूट हाय त्याला."

"माझ्या हातानं चूक व्हत न्हाई, कौसा. लिव्हलं ते बराबर लिव्हलं."

मला काय वाटावं? भांडणात जिंकता येत नाही म्हणून तुम्ही माझ्या नकळत कागदावर जिंकून घेतलंत. माझी सही घेऊन माझी लेक दिराच्या नांगराखाली घातलीत. मी तुमच्यासमोर कागद टरटर फाडला. म्हणाले, "मारुती निदान समोरून मारायचा." सगळ्या लिंबाखाली ऐकू गेलं. तुम्ही तुकडे गोळा करत होता. मी दुसऱ्या मुन्शीकडे गेले, त्याने पटकन लिहून दिलं. निकाल माझ्या बाजूने लागला. बांध राहिला. तुमच्याकडे मी पुन्हा फिरकले नाही. बाजाराला आले तरी कचेरीचा रस्ता टाळून, लांबून जायचे. तुम्ही निरोप पाठवाल म्हणून वाट बघायचे आणि आलाच तर काय झोंबणारं बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. निरोप आला नाही. आली ती बातमीच, तीही बाजारात, भाजीवालीकडून, तुम्हाला नेऊन चार दिवस झाल्यावर. चैताच्या उन्हात कचेरीवरून घरी आलात, ओसरीवर आडवे झालात, ते झालातच म्हणे.

दहाव्याची माणसं गेल्यावर आक्का रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या. हातात तुमचा कागद बांधायचा लाल बस्ता. "घे," म्हणाल्या, "ह्या कागदांचं मी काय करू? तुला वाचता येतंय म्हणं." मग तिथंच पायरीवर बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "त्याचा हात गेल्ता ना. दीड वरीस झालं. सारखा थरथरायचा. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरायचा. कोणाला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातली व्हती मला. लिव्हलेले कागद कचेरीतून परत येऊन राह्यले व्हते, लोक भांडायला घरी यायचे. मी म्हणलं, सोड आता ते. म्हणला, आक्का, अक्षर गेलं तर मी कोण हाय मंग?"

दीड वर्ष, मुन्शीजी. म्हणजे बयानाच्या आधीपासून. म्हणून तुम्ही माझ्यासमोर चहा घेईनासे झाला होता, पित्त झालंय म्हणायचा. म्हणून पाटीवर मला काही काढून दाखवत नव्हता, तूच काढ म्हणायचा, आणि मी खुळी, मला वाटायचं मला आता येतं म्हणून. म्हणून बयानाला तेवढा वेळ लागला. ते शेपूट तुम्ही ओढलं नव्हतंत. ते घसरलं होतं.

घरी येऊन बस्ता सोडला. मला दोनच शब्द येतात, तेवढेच शोधत बसले. परत आलेले कागद निघाले, कोणाकोणाचे. एकेकात माझा शब्द होता आणि कितीतरींत त्याला शेपूट होतं. तालुक्यातल्या किती विधवांना तुम्ही सवाष्ण करून टाकलंत हो! मी एकटीच बसून हसले, आणि मग मला तुमचा असा राग आला की बस्ता भिंतीवर फेकून मारला. मी तेवढ्या गर्दीतली एक. तुम्ही लबाडी केली असती तर बरं झालं असतं. निदान माझ्यासाठी म्हणून केली असतीत. नुसता हात हलला होता, आणि त्यासाठी मी तुम्हाला मारुतीच्या पंक्तीला बसवलं.

आणि तुम्ही बसलात! हेच मला गिळता येत नाही. मी तुम्हाला फसव्या म्हणाले ते तुम्हाला चाललं, पण मुन्शीचा हात चुकला हे म्हणवलं नाही. एवढं बोलायचं होतं, कौसा, हात चालत न्हाई. तीन शब्द. मी धरला असता हात. मी बोरू धरला असता, तुम्ही सांगितलं असतंत, मी काढलं असतं, दोघांत मिळून एक मुन्शी झाला असता. पण नाही. रखमाच्या दिवशीसुद्धा खाडाखोड झाली नाही, मग माझ्यासाठी कशी करणार? ज्या अक्षराने तुमची एक बायको नेली, त्याच्यापायी तुम्ही दुसरीही घालवलीत. लागेल तुम्हाला हे. लागू द्या.

बस्त्याच्या तळाशी माझं बयान होतं. फाडलेले तुकडे खळीने जोडलेले, वेडेवाकडे. आणि मोकळ्या जागेत, वरपासून खालपर्यंत, तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला. बेवा, बेवा, बेवा. मला पाटीवर गिरवायला लावायचा तसा. एकाचंही गोल मिटलेलं नव्हतं. दिवाळीपासून तुम्ही एकटे बसून हे करत होता आणि मी लांबच्या रस्त्याने बाजारात जात होते.

आक्का आता तुमचाही टाक करून घेणार आहेत. देवघरात रखमाच्या शेजारी ठेवतील. ठीक आहे, तिचं घर आहे. मला तिचा राग येत नाही, कधी आला नाही. पण मुन्शीजी, मी कुठं ठेवू तुम्हाला? ज्याच्या मरणाला मला रडू आलं नाही, त्याची मी सरकारी विधवा आहे, जन्मभर, शिक्क्यानिशी. ते मला सोसावंच लागेल, कारण बांध त्यावर टिकून आहे. काल बांधावर जाऊन आले. तुमचं कुंपण दोन ठिकाणी ढासळलंय. मी नव्या बोराट्या तोडून लावल्या. काटे माझे मीच काढले.

हे सगळं तुमच्या परत आलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूला लिहितेय. खाडाखोड पुष्कळ झालीय, होऊ द्या, मला त्याची लाज वाटत नाही. हा कागद कचेरीत जाणार नाही, दिराच्या हाती लागणार नाही, बस्त्यात तुमच्या बयानाशेजारी राहील. खाली सही करताना तुमच्या लिपीत शब्द लिहिणार आहे, तुम्ही दिलेल्या दोनांतला. शेपटाचा लिहायला हात शिवशिवतो. पण त्याला तुम्ही असायला हवे होतात. म्हणून दुसरा लिहिलाय. शेवट गोल काढलाय, नीट मिटलाय, हात हलला नाही. बघून घ्या, चूक नाही.

तुमची बेवा,
कौसा